ब्रिटनची द्राक्षगर्भ नोंदणी आणि एचसीजी पाठपुरावा सेवा: चांगलं काय, अडतं कुठे

द्राक्षगर्भ म्हणजे मूल नीट न घडता वारेच्या पेशी द्राक्षांच्या घोसासारख्या फुगत जाणं; त्याचे पूर्ण आणि अर्धवट असे दोन प्रकार. द्राक्षगर्भाचं निदान झालं, पिशवी साफ केली, बाई घरी गेली. पण उरलेल्या पेशींचा कर्करोग होऊ शकतो, म्हणून त्या पेशी सोडतात ते एचसीजी हे गरोदरपणाचं संप्रेरक मोजत राहावं लागतं. यापुढचे काही महिने तिच्यावर लक्ष कोण ठेवणार, हा या आजारातला खरा प्रश्न. ब्रिटनमध्ये त्याची सोय १९७३ पासून लावलेली आहे. स्थानिक रुग्णालय तिच्या संमतीने नोंदणी करतं. ती नोंदणी लंडनच्या चेरिंग क्रॉस, शेफील्डच्या वेस्टन पार्क किंवा स्कॉटलंडपुरती डंडीच्या नाइनवेल्स रुग्णालयात जाते, आणि मग नमुन्यांचं साहित्य टपालाने घरी येतं. एनएचएसची, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्ययंत्रणेची, सेवा असल्याने पैसे लागत नाहीत. इथे मुख्यतः चेरिंग क्रॉसची पद्धत धरली आहे, कारण सेवेचा पाया तिथेच घातला गेला.

आमचा कौल पाचपैकी साडेचार. अर्धा गुण कुठे कापला ते ओघात येईलच.

ही सेवा समजून घ्यायची तर केनेथ बॅगशॉ (१९२५–२०२२) यांचं काम समजून घ्यावं लागतं. कोरिओकार्सिनोमा म्हणजे वारेच्या पेशींचा कर्करोग. तो फुप्फुसात, मेंदूत झपाट्याने पसरतो आणि १९५० च्या दशकापर्यंत पसरलेल्या आजारातून बाई वाचणं दुर्मीळच होतं. १९५६ मध्ये अमेरिकेत मिन चिउ ली आणि रॉय हर्ट्झ यांनी मेथोट्रेक्सेटने हा कर्करोग आटोक्यात येतो असं दाखवलं. ली यांचा आग्रह असा, की गाठ दिसेनाशी झाली तरी एचसीजी शून्याला टेकेपर्यंत औषध थांबवायचं नाही. या हट्टापायी त्यांची संस्थेतली जागा गेली. पुढे १९७२ चा लास्कर पुरस्कार मिळाला, तो ह्याच कामासाठी. बॅगशॉंनी लंडनच्या फुलहॅम रुग्णालयात तो धागा उचलला आणि मोजणीचं शास्त्र उभं केलं: रक्तातलं एचसीजी रेडिओइम्युनोअसे या किरणोत्सारी खुणेच्या चाचणीने मोजायचं, आकड्यावरून शरीरात किती पेशी उरल्या असतील याचा अदमास घ्यायचा, आणि धोक्याचे मुद्दे मांडून प्रत्येक पेशंटला गुण द्यायचे. त्यांची १९७६ ची गुणपद्धत पुढे जागतिक आरोग्य संघटनेमार्गे फिगो या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या आजच्या तक्त्यात उतरली. मेंदूत आजार गेलाय का हे ओळखण्यासाठी पाठीच्या पाण्यातल्या आणि रक्तातल्या एचसीजीचं १ ला ६० हे प्रमाण वापरतात, तेही त्यांच्याच गटाचं.

पण त्यांच्या सगळ्या शोधांत आम्हाला सगळ्यात मोठी वाटते ती नोंदवही. इतका दुर्मीळ आजार एका डॉक्टरच्या आयुष्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकाच दिसतो. अख्ख्या देशातल्या पेशंट दोन-तीन ठिकाणी आल्या, तरच कोणाला औषध लागतं आणि कोणाला नाही हे कळू शकतं.

आता प्रत्यक्ष वापर. चेरिंग क्रॉसच्या पद्धतीत सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी रक्त आणि लघवी, आणि आकडा नॉर्मल म्हणजे ५ आययू (आंतरराष्ट्रीय एकक) प्रति लिटरच्या खाली आला की पुढे महिन्याला नुसती लघवी. रक्त जीपीकडे (घराजवळच्या फॅमिली डॉक्टरकडे) किंवा जवळच्या रुग्णालयात काढून घ्यायचं, लघवी सकाळची पहिली घेतलेली बरी, कारण ती दाट असते. नमुना घेतल्याची तारीख बाटलीवर आणि कागदावर दोन्हीकडे लिहायची. ही तारीख राहून जाणं ही सगळ्यात साधी आणि सगळ्यात त्रासदायक चूक. आकडा किती यापेक्षा तो किती दिवसांत किती उतरला यावर सगळा निर्णय असतो, आणि तारखेविना उतार काढता येत नाही. एचसीजी हे तसं टिकाऊ संप्रेरक आहे, टपालात एक-दोन दिवस गेले तर बिघडत नाही. म्हणून तर ही सेवा टपालावर चालू शकते. तरी शुक्रवारी संध्याकाळी पेटीत टाकलेलं पाकीट शनिवार-रविवार पडून राहतं, तेव्हा सोमवार ते बुधवार हे दिवस धरावेत.

घरच्या गरोदरपणाच्या पट्टीवर विसंबून नमुना चुकवणाऱ्या बऱ्याच असतात. ती पट्टी साधारण २५ आययूच्या वर गेल्यावरच दुसरी रेघ दाखवते. ५ आणि २५ यांच्या मधला आकडा तिला दिसतच नाही, आणि पाठपुराव्याचं निम्मं काम नेमकं त्याच पट्ट्यात चालतं. उलट टोकालाही ती फसते: पूर्ण द्राक्षगर्भात एचसीजी कधी कधी लाखांच्या घरात जातं, तेव्हा चाचणीतली दोन्ही प्रतिपिंडं वेगवेगळी भरून जातात, त्यांची जोडी जुळत नाही आणि पट्टी चक्क निगेटिव्ह येते. लघवीत पाणी घालून पुन्हा केली की पॉझिटिव्ह.

रक्त आणि लघवी दोन्ही का, हा प्रश्न बहुतेक बायका विचारतात. काहींच्या रक्तात अशी प्रतिपिंडं असतात की ती चाचणीच्या रसायनांनाच चिकटतात आणि एचसीजी नसताना आकडा दाखवतात. ही प्रतिपिंडं आकाराने मोठी असल्याने लघवीत उतरत नाहीत. रक्तात ४०, लघवीत शून्य असं आलं तर आजार नसून चाचणीचा भास आहे, असा संशय लगेच घेता येतो. अशा भासापायी जगात काही बायकांना विनाकारण केमोथेरपी मिळाली आहे, पिशवीही काढली गेली आहे. दुसरी बाजू चाचणीच्या जातीची. बाजारातली बरीच यंत्रं गरोदरपणासाठी बनवलेली असतात, म्हणजे अखंड एचसीजी ओळखण्यात हुशार. कर्करोगाच्या पेशी मात्र तुटकं, अर्धवट, सुटं बीटा असं नाना रूपांतलं एचसीजी सोडतात. चेरिंग क्रॉसने दशकानुदशकं स्वतःची चाचणी वापरली ती हे सगळे तुकडे पकडणारी होती. या सेवेला आम्ही सर्वाधिक गुण देतो ते इथे: एकच प्रयोगशाळा आणि एकच चाचणी, पहिल्या नमुन्यापासून शेवटच्यापर्यंत.

पाठपुरावा किती दिवस? जुन्या माहितीपत्रकांवरून गोंधळ होतो, म्हणून ब्रिटनच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनेनुसार सांगतो. पूर्ण द्राक्षगर्भात पिशवी साफ केल्यापासून ५६ दिवसांच्या आत एचसीजी नॉर्मल झालं, तर साफ केल्याच्या तारखेपासून सहा महिने. ५६ दिवसांनंतर झालं, तर नॉर्मल झाल्याच्या तारखेपासून सहा महिने. अर्धवट द्राक्षगर्भात निदान चार आठवड्यांच्या अंतराने दोन नमुने नॉर्मल आले की सुटका. केमोथेरपी लागली नसेल तर पुढच्या प्रत्येक बाळंतपणानंतर एचसीजी तपासण्याची जुनी अटही आता नाही. ही ढील उगाच दिलेली नाही. हजारो नोंदी चाळल्यावर दिसलं की एकदा नॉर्मल झाल्यावर कर्करोग उलटण्याची शक्यता पूर्ण प्रकारात सुमारे ४०६ मध्ये एक, आणि अर्धवट प्रकारात सुमारे ३,१९५ मध्ये एक आहे. चाळिशीला टेकलेल्या आणि मूल हवं असलेल्या बाईला वाचलेला एकेक महिना मोलाचा असतो.

नोंदवहीतून असे निष्कर्ष निघतात हाच इथला मोठा नफा. आणखी एक उदाहरण. सहा महिन्यांनंतरही एचसीजी चढंच राहिलं तर पूर्वी केमो सुरू करत. १९९३ ते २००८ मधल्या १३,९६० बायकांच्या नोंदी तपासल्या, त्यात अशा ७६ निघाल्या. त्यांतल्या ६६ जणींवर औषध न देता नुसतं लक्ष ठेवलं होतं, आणि ६५ जणींचं एचसीजी आपोआप उतरलं. तो नियम गेला. वारेच्या जागी होणारी पीएसटीटी नावाची गाठ तर त्याहून दुर्मीळ: १९७६ ते २००६ मध्ये नोंदलेल्या ३५,५५० पैकी ६२ जणींना. त्या ६२ जणींवरून कळलं, की आधीच्या गरोदरपणाला ४८ महिन्यांहून जास्त काळ लोटला असेल तर आजार फार वाईट वागतो. कुठल्याही एका रुग्णालयाला, कितीही मोठं असलं तरी, स्वतःच्या पेशंटवरून हे सांगता आलं नसतं.

नोंदणीबरोबर पिशवीतून काढलेल्या तुकड्याची फेरतपासणी हाही सेवेचा भाग, आणि तो लोकांना फारसा माहीत नसतो. पूर्ण आणि अर्धवट यांतला फरक सूक्ष्मदर्शकाखाली, विशेषतः आठ-नऊ आठवड्यांच्या गर्भात, अनुभवी पॅथॉलॉजिस्टलाही चकवतो. पूर्ण द्राक्षगर्भात सगळी गुणसूत्रं बापाची असतात, म्हणून आईकडून आलेल्या जनुकावर बनणारं पी५७ हे प्रथिन त्यात रंगत नाही. अर्धवटमध्ये बीज आईचं आणि शुक्राणू दोन, त्यामुळे ते रंगतं. या एका रंगावर पाठपुरावा सहा महिन्यांचा की थोडक्यात आटोपणारा हे ठरतं, शिवाय केमो लागण्याची शक्यता साधारण १५ टक्के की टक्क्याच्या आसपास किंवा कमी, तेही. क्वचित एखादीला द्राक्षगर्भ पुन्हा पुन्हा होतो, आणि रंग पूर्ण प्रकाराचा असूनही गुणसूत्रं आईबाप दोघांची निघतात. तिथे एनएलआरपी७ जनुकाची तपासणी सुचवतात. दोष तिच्या बीजांडातच असल्याने अशा बाईला दात्याच्या बीजांडाचा पर्याय सांगता येतो. वर्षानुवर्षं आशेवर ठेवण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं.

केमो लागलीच तर काय? आकडा वाढतोय किंवा तीन आठवडे एकाच जागी अडकलाय, जोरात रक्त जातंय, तुकड्यात कोरिओकार्सिनोमा दिसलाय, किंवा चार आठवड्यांनंतरही एचसीजी २०,००० च्या वर आहे, अशा वेळी केंद्रात बोलावतात. फिगोचे गुण ६ किंवा कमी असतील तर मेथोट्रेक्सेटचं ५० मिलिग्रॅमचं इंजेक्शन पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या, सातव्या दिवशी कमरेत. मधल्या दिवशी फोलिनिक अॅसिडची १५ मिलिग्रॅमची गोळी. मग सहा दिवस सुट्टी आणि पुन्हा पहिल्यापासून. पहिली फेरी रुग्णालयात राहून, कारण गाठ वितळताना रक्तस्राव होऊ शकतो. पुढच्या फेऱ्या घराजवळ. केस जात नाहीत. तोंड येतं, डोळे चुरचुरतात, छातीत बारीक दुखतं. तोंड फार आलं तर बहुधा फोलिनिकची गोळी उशिरा घेतलेली असते, म्हणून मोबाइलमध्ये गजर लावायला सांगतात. आणि इथे आपल्याकडच्या बायकांसाठी एक ताकीद: गरोदरपणासाठी आणलेल्या फॉलिक अॅसिडच्या गोळ्या घरात उरलेल्या असतात, त्या ‘ताकदीसाठी’ चालू ठेवू नयेत, मेथोट्रेक्सेटचं कामच फोलेट अडवण्याचं आहे. फोलिनिक वेगळं, ते ठरलेल्या वेळी ठरलेल्या मापातच.

एचसीजी नॉर्मल झाल्यावर आणखी तीन फेऱ्या, म्हणजे सहा आठवडे, द्यायच्या असतात. इथे बायका आणि कधी कधी नातेवाईक कुरकुरतात: रिपोर्ट नॉर्मल आला, मग आता इंजेक्शनं कशाला? आकडा ५ ला आला तरी शरीरात दहा हजार ते लाखभर पेशी उरलेल्या असू शकतात, म्हणून. लींची जागा गेली ती याच मुद्द्यावरून. गुण ७ किंवा जास्त असतील तर ईएमए-सीओ ही पाच औषधांची केमो, डॉक्टर एडवर्ड न्यूलँड्स यांच्या काळात चेरिंग क्रॉसलाच घडवलेली; तिच्यात मात्र केस जातात. कमी धोक्याच्या गटात जवळजवळ सगळ्या बऱ्या होतात, जास्त धोक्याच्या गटातही दहांपैकी नऊहून अधिक. चेरिंग क्रॉसच्याच मायकेल सेकल यांच्या गटाने २०१७ मध्ये केमोला दाद न देणाऱ्या चार जणींना पेम्ब्रोलिझुमॅब हे प्रतिकारशक्तीला जागं करणारं औषध दिलं, तिघींना गुण आला. कर्करोगाच्या दुनियेत हे आकडे फारच भाग्याचे.

आता कापलेला अर्धा गुण. सेवेचं दार स्थानिक रुग्णालयात आहे, आणि ते दार कोणी उघडलं नाही तर आत काहीच पोचत नाही. गोळ्यांनी घरीच गर्भपात झाला आणि पडलेला भाग तपासायला गेलाच नाही, तर द्राक्षगर्भ होता हे कळायला मार्ग नाही. म्हणून औषधांनी गर्भपात झाल्यावर तीन आठवड्यांनी गरोदरपणाची चाचणी करायला सांगतात, आणि नेमकी तीच टाळली जाते. दुसरं म्हणजे अंतर. उपचार करणारी केंद्रं दोनच. कॉर्नवॉलच्या टोकावरून लंडनला येणारीच्या घरी लहान मूल असेल तर तिचे हाल विचारू नका. पण केंद्रं वाढवली तर अनुभव पातळ होणार, त्यामुळे या तक्रारीला उत्तर नाही. तिसरी गोष्ट जीपींची. आठवड्याला शेकडो पेशंट पाहणाऱ्या जीपीला द्राक्षगर्भ कारकिर्दीत एखाद-दोनदाच भेटतो, आणि गर्भनिरोधाचा सल्ला कधी कधी जुनाच निघतो. एचसीजी उतरेपर्यंत गर्भनिरोधक गोळ्या नकोत, हे आता कोणी म्हणत नाही. गोळ्या लगेच चालतात. कॉपर टी मात्र एचसीजी नॉर्मल होईपर्यंत बसवायची नाही, कारण मऊ पडलेली पिशवी भोकसण्याची भीती असते. पुन्हा रक्त गेलं म्हणून स्थानिक डॉक्टर परत क्युरेटिंग करू म्हणाले, तर आधी केंद्राला विचारायला सांगावं.

ब्रिटनमधल्या मराठी घरांना याचं एरवीपेक्षा जास्त कारण आहे. उत्तर इंग्लंड आणि उत्तर वेल्समधल्या आकड्यांत आशियाई वंशाच्या बायकांत द्राक्षगर्भाचं प्रमाण ३८७ जिवंत जन्मांमागे एक आढळलं, इतरांत ७५२ मागे एक. स्लाव, हॅरो, हाउन्स्लोसारख्या वस्त्यांत हे दिसणारच. आणि आपल्याकडे गर्भ गेला की विश्रांतीला माहेरी जायचं असतं, म्हणजे पुण्याला, नाशिकला, मडगावला. जायला हरकत नाही, पण केंद्राला आधी कळवून. भारतात अशी एकच केंद्रीय नोंदणी आणि पाठपुरावा नाही, तेव्हा तिथल्या महिन्या-दोन महिन्यांची जबाबदारी तुमचीच. एकच लॅब धरा आणि शेवटपर्यंत तीच ठेवा. रिपोर्टवर यंत्राचं नाव असेल तर टिपून घ्या. तिथे आकडा एमआययू प्रति मिली असा येतो, तो आणि इथला आययू प्रति लिटर एकच, गुणाकार-भागाकार करायचा नाही. पण दोन वेगळ्या लॅबचे आकडे एकाच रेषेत मांडून ‘वाढलं’ म्हणून घाबरू नका; केंद्राला दोन्ही पाठवा. केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस बंद ठेवा आणि लॅबला सांगा; मोठ्या मात्रेतलं बायोटिन काही यंत्रांवर एचसीजी खरं असतं त्याहून कमी दाखवतं, आणि या आजारात खोटा कमी आकडा खोट्या जास्त आकड्यापेक्षा वाईट.

उलटा प्रवासही होतो: पिशवी भारतात साफ केली आणि नोकरीसाठी लगेच ब्रिटनला परत. तेव्हा डिस्चार्ज कार्ड, सोनोग्राफीचा रिपोर्ट, साफ करण्याआधीचं एचसीजी आणि रक्तगट बरोबर हवा. रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल तर अँटी-डीचं इंजेक्शन दिलं होतं की नाही हे लेखी घ्या. पॅथॉलॉजीकडून स्लाइडबरोबर तुकडा बसवलेला मेणाचा ब्लॉकही मागा. नुसता कागदी रिपोर्ट पुरत नाही, कारण ब्लॉक हातात असला तरच पी५७ चा रंग पुन्हा लावून पाहता येतो.